आखणीबाई आणि बर्फातला कोपरा

आखणीबाईंना ऑफिसात खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. ते नाव पगाराच्या कागदावर असायचं, बाकी सगळीकडे आखणीबाई. काम तसंच होतं त्यांचं. पृथ्वीच्या टोकाला नजर पोचेल तिथवर नुसता बर्फ आहे, आणि तोही साधासुधा नाही, दोन-दोन, तीन-तीन किलोमीटर जाडीचा. त्याच्या पोटात काय दडलंय ते बघायला दर हंगामात एक छोटं विमान जायचं. त्या विमानाने कुठल्या रेघेवरून उडायचं, कुठे वळायचं, इंधन कुठे भरायचं आणि परत कसं यायचं, हे सगळं बाई आपल्या टेबलाशी बसून ठरवायच्या. आणि स्वतः? स्वतः बाईंनी बर्फ पाहिला होता तो फ्रीजमधला. तोसुद्धा साचला की नवऱ्याला खरवडायला लावायच्या.

आता रेघा मारण्यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. बाईंच्या शेजारच्या टेबलावरच्या हिशेबनीसाला वाटायचंच. तर ऐका. त्या विमानात तीन यंत्रं असतात. एक बर्फातून खाली लहरी सोडतं आणि तळाच्या खडकावर आपटून त्या परत कधी येतात ते ऐकत बसतं. दुसरं खालच्या खडकाची ओढ मोजतं, कारण जड खडक जास्त ओढतो आणि हलका कमी. तिसरं चुंबकाचं. ही तिन्ही यंत्रं महाभयंकर लाडावलेली. विमान जरा डुललं, जरा वर-खाली झालं, की रुसली. म्हणून विमानाने सरळ उडायचं, संथ उडायचं, शाळेच्या वहीतल्या ओळींसारखं एका रेघेशेजारून दुसरी रेघ मारत जायचं. शिवाय त्या सगळ्यांना छेदणाऱ्या थोड्या आडव्या रेघा मारायच्या. जिथे दोन रेघा एकमेकींना कापतात तिथे दोन्ही वेळचे आकडे जुळले तर यंत्रं खरं बोलतायत, नाही जुळले तर बसा डोकं धरून.

आणि हे सगळं अशा ठिकाणी, जिथे ढग उतरला की आभाळ कुठे संपलं आणि जमीन कुठे लागली हे वैमानिकाला कळत नाही. पेट्रोलपंप नाही. इंधनाची पिंपं आधी नेऊन बर्फात ठेवावी लागतात, वर लाल झेंडा खोचून. एक पिंप लांब नेऊन ठेवायला दुसरं पिंप जाळावं लागतं. म्हणजे संसारच म्हणायचा हा, फक्त थंड.

बाईंची एक रीत होती. बाकीचे लोक नकाशा उघडला की जायची रेघ मारतात. बाई आधी यायची रेघ मारत. लांबच्या टोकाहून परत तळावर, म्हणजे विमान जिथून सुटतं त्या ठाण्यावर, यायला किती इंधन लागेल, समोरून वारा आला तर किती, तळावर ढग बसला आणि दुसरीकडे उतरावं लागलं तर किती, हे सगळं आधी बाजूला काढायचं. याला त्या राखीव म्हणत. राखीव काढून जे उरेल त्यात काय ते उडा, अशी शिस्त. घरीही तीच तऱ्हा. नवरा कोपऱ्यावर दाढीचं पातं आणायला निघाला तरी विचारायच्या, “आणि येताना कुठल्या रस्त्याने?” नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. सगळ्या गावाला लांबचं दाखवणारा हा माणूस घरात नाकासमोरची किल्ली शोधत फिरायचा, त्यामुळे त्याला हा प्रश्न विचारणं काही अगदीच वाया नव्हतं.

त्यांना एकच मुलगी. तिला घरात बारकी म्हणत. बारकी आता आईपेक्षा डोकंभर उंच होती, पण नाव चिकटलं ते चिकटलं. लहानपणी घरातला रेडिओ उघडून परत जोडायची आणि एखादा स्क्रू उरायचाच. रेडिओ मात्र पूर्वीपेक्षा बरा वाजायचा. शिकून ती यंत्रांच्याच कामाला लागली, विमानात बसवतात त्याच यंत्रांच्या. त्यात आईने एका शब्दाची मदत केली नव्हती, उलट तू दंतवैद्य हो म्हणून मागे लागली होती.

एके दिवशी जेवताना बारकी म्हणाली, “आई, यंत्रांवर बसायला या हंगामात मला निवडलंय. कॅप्टनच्या विमानात.”

नवऱ्याला ठसका लागला. बाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, “छान झालं की. गरम मोजे घे.” आवाज अगदी नेहमीचा. फक्त वाढताना त्यांनी आपल्याच ताटात दोनदा भात घेतला, आणि तो तसाच राहिला.

बारकीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला होता. “आणि कळलं का, या वर्षी तो कोपरा आहे! प्रोफेसरांचा कोपरा! तिथे बर्फाखाली काय आहे हे अख्ख्या जगात कुणालाही माहीत नाही. डोंगर आहे की दरी आहे की तळं, काही म्हणजे काही नाही. आणि पडद्यावर ते उमटेल ना, तेव्हा समोर मी बसलेली असणार. सगळ्यात आधी मी!”

“जेव आधी,” बाई म्हणाल्या.

त्यांच्या पोटात गोळा आला होता. बर्फावरच्या विमानांचं काय होऊ शकतं हे त्या घरात त्यांच्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं. तेच टाळायचा पगार घेत होत्या त्या.

आणि मग बाईंच्या हातून ते झालं. मुद्दाम केलं असं म्हणवत नाही आणि नकळत झालं असं म्हणायलाही जीभ रेटत नाही. आखणी करायला बसल्या, नेहमीसारखी परतीची रेघ मारली, नेहमीसारखं राखीव काढलं. त्याकडे बघितलं. थोडं कमी वाटलं. वाढवलं. चहा घेऊन आल्या, परत बघितलं. अजून थोडं वाढवलं. वारा जरा जास्तच धरला. तळावर ढग बसेल ते धरलं होतंच, दुसऱ्या ठिकाणीही बसेल असं धरलं. कॉम्प्युटरला काय, त्याला पोटची पोर नाही, त्याने मुकाट हिशेब केला आणि लांबच्या रेघा एकेक करून गळायला लागल्या. संध्याकाळी बाईंनी मान वर केली तेव्हा सगळा नकाशा सुरेख आखलेला होता आणि कोपरा त्यातून गेला होता.

तो कोपरा म्हणजे प्रोफेसरांचा जीव की प्राण. प्रोफेसर उंच, थोडे वाकलेले, बाराही महिने एकच करडा स्वेटर. त्यांच्या खोलीत भिंतभर नकाशा होता आणि त्यात वरच्या बाजूला हाताच्या पंजाएवढी जागा कोरी. एका वर्षी वादळ झालं, एका वर्षी इंजिन रुसलं, एका वर्षी सूर्यावर काहीतरी बिनसलं आणि चुंबकाचं यंत्र वेड्यासारखं बडबडत सुटलं. कोपरा कोरा तो कोराच. या वर्षी मात्र सगळं जुळून आलं होतं. बैठकीला प्रोफेसर चक्क दाढी करून आले.

बाईंनी नकाशा पडद्यावर लावला.  प्रोफेसर उठून पडद्याजवळ गेले, जणू काही जवळून बघितलं तर सापडेल.

“कोपरा...?” ते म्हणाले.

“वारा,” बाई म्हणाल्या. “तिकडे उतारावरून वारा सुटतो. परत येताना नेमका समोरून. राखीव काढलं की इंधनात बसत नाही.”

कुणीही एक प्रश्न विचारला नाही. हीच तर पंचाईत होती. आजवर बाईंनी नाही म्हटलं म्हणजे नाहीच असायचं, हो म्हटलं म्हणजे विमान जाऊन यायचं. प्रोफेसरांनी चष्मा काढून स्वेटरला पुसला, त्याने तो आणखीच मळला. “तुम्ही म्हणताय म्हणजे प्रश्नच मिटला,” ते म्हणाले आणि खाली बसले. कुणीतरी दुसरा विषय काढला. बाईंना त्या खोलीतून कधी एकदा बाहेर पडते असं झालं.

घरी आल्या तर बारकी नकाशा उघडूनच बसलेली. यंत्रवाल्यांनाही तो मिळतोच.

“आई, कोपरा नाहीये?”

“वारा असतो तिथे.”

“हो का?” बारकीने ओठ मुडपले. खांदे उडवले. “तू म्हणतेस म्हणजे असणार. पुढच्या वर्षी बघू.” आणि मोज्यांचे जोड मोजायला लागली. भांडली असती, आदळआपट केली असती तर बाईंना परवडलं असतं. बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि घासलेलीच कढई परत घासली.

निघायच्या आधी कॅप्टनने ऑफिसात येऊन बसायचं, हा वर्षानुवर्षांचा रिवाज. कॅप्टन म्हणजे विमानाचा वैमानिक, गोल चेहऱ्याचा, बुटका, बडबड्या. त्याला पडद्यावरचा नकाशा चालायचा नाही. मोठा कागदी नकाशा टेबलावर अंथरायचा, वर चार कोपऱ्यांना मिळेल ते वजन ठेवायचं, आणि कॅप्टन उजव्या हाताचं बोट तळावर टेकवून उडायला लागायचा. खरंच उडायचा. प्रत्येक रेघेवरून बोट फिरवायचा, वळणावर कोपर उचलायचा, मूड चांगला असेल तर तोंडाने इंजिनही चालवायचा. डाव्या हाताने रद्दी कागदावर इंधन वजा करत जायचा. ऑफिसातले नवीन लोक दारातून डोकावून हसायचे. बाई कधी हसल्या नाहीत. त्या बोटाने आजवर त्यांच्या आखणीतल्या तीन चुका पकडल्या होत्या.

त्या दिवशीही बोट निघालं. पहिली रेघ, दुसरी रेघ, आडवी रेघ. कॅप्टन गुणगुणत होता, मधून मधून बाईंच्या डब्यातली बिस्किटं खात होता. मग लांबच्या रेघेवर बोट आलं आणि वळणापाशी थांबलं. इंजिन बंद पडलं.

“बाई, इथे का वळवलंत मला?”

“तिथे रेघ संपते.”

“ते दिसतंय. पण टाकी अजून भरलेली आहे माझी.” त्याने रद्दी कागद पुढे केला. “गेल्या वर्षी याच तळावरून, याच विमानाने मी कोपऱ्याच्या शेजारी एवढ्याच लांब जाऊन आलो. तेव्हाचं राखीव पुरेसं होतं का नव्हतं?”

“होतं.”

“मग या वर्षी काय झालं? विमान म्हातारं झालं की मी जाड झालो?”

“वारा,” बाई म्हणाल्या.

“वारा मला नका सांगू. तो वारा मी खाल्लाय.” कॅप्टन खुर्चीत मागे टेकला. बिस्किट हातात तसंच होतं. आवाज मात्र चढवला नाही त्याने. “विमानात या वर्षी कोण आहे ते मला माहीत आहे, बाई. गुणी पोर आहे, सरावाच्या वेळी मी बघितली. पण इतकी वर्षं त्यात मी बसत होतो. मलाही बायको आहे. दोन पोरं आहेत, थोरला आता माझंच ब्लेड चोरून दाढी करतो. तेव्हा एक तर आजवर तुम्ही मला मरायला पाठवत होतात, नाहीतर आज पोरीपायी त्या बिचाऱ्या प्रोफेसरचा कोपरा खाताय. यातलं खरं कुठलं ते सांगा. दोन्ही ऐकायची तयारी आहे माझी.”

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. “तुमचं काम विमान उडवायचं. आखायचं काम माझं. तुम्हाला वाटतं मी माझ्या कामात...”  त्या उठल्या आणि तरातरा जिन्यात गेल्या. जिन्यातल्या खिडकीतून खालचा सायकलींचा स्टँड दिसायचा. एक माणूस सायकलची निसटलेली साखळी चढवत होता, चढत नव्हती, त्याचे हात काळे झाले होते. बाई त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि त्यांना रडू कोसळलं. भीती वाटत होती म्हणून रडल्या, आणि पकडल्या गेल्या म्हणूनही रडल्या. मुख्य म्हणजे आजवर या माणसासाठी रेघा मारताना आपल्या पोटात एकदाही गोळा आला नव्हता, याची त्यांना लाज वाटली.

तोंड धुऊन त्या परत आल्या तर कॅप्टन तिथेच. डब्यातली बिस्किटं बरीच कमी झालेली.

“बसा,” तो म्हणाला. नकाशाच्या एका बाजूला विमानातल्या माणसांची नावं छापलेली होती, त्यावर त्याने बिस्किटांचा डबा सरकवला. “हे झाकलं. आता आत कोण आहे ते विसरा आणि आखा.”

बाईंनी डबा उचलून बाजूला ठेवला. “झाकू नका. तुमचंही नाव दिसू दे मला.”

मग दोघं बसले. बाईंनी परतीची रेघ पुसली आणि नव्याने मारली. वारा जेवढा असतो तेवढाच धरला, ढग जेवढे बसतात तेवढेच. गेल्या वर्षीचं राखीव बाजूला मांडलं आणि एकेक आकडा उलटसुलट करून बघितला, अगदी दुसऱ्या कुणीतरी केलेलं काम तपासावं तसा. कॅप्टन मध्ये मध्ये बोट फिरवून सांगत होता, इथे धुकं बसतं, इथे बर्फ खडबडीत आहे, उतरायची सोय नाही. दुपार सरली. शेवटी बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

“तुमच्या प्रश्नाचं उत्तर देऊ?”

“द्या.”

“थोडं थोडं दोन्ही. या वर्षी मी भ्याले, ते तर झालंच. पण गेल्या वर्षी कोपऱ्याच्या बाजूला तुम्हाला पाठवलं तेव्हा वाटेत पिंपांचा एक साठा असायला हवा होता. नव्हता. काही झालं नाही म्हणून निभावलं.”

“म्हणजे थोडंसं मरायलाच पाठवत होतात!”

“थोडंसं,” बाई म्हणाल्या.

कॅप्टन खो खो हसला. बाईही हसल्या, पण त्यांचं हसू मध्येच अडकलं. कॅप्टनने ते बघितलं आणि शेवटचं बिस्किट त्यांच्यापुढे केलं. बाईंच्याच डब्यातलं, पण देण्याचा आव असा की वा!

वाटेत एक साठा वाढवायचा म्हणजे पिंपं नेण्यात उड्डाणं जाणार. त्यासाठी तळाजवळच्या काही रेघा सोडाव्या लागल्या. दिसायला देखण्या, पण कामाच्या बेताच्या. कोपरा मात्र परत आला. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः प्रोफेसरांच्या खोलीत गेल्या. “वारा नव्हता,” त्या म्हणाल्या. “माझी मुलगी आहे विमानात. मी घाबरले आणि तुम्हाला खोटं सांगितलं. कोपरा होतोय.” प्रोफेसरांना पहिल्या तीन वाक्यांचं काय करावं ते कळेना, आणि चौथं ऐकल्यावर त्यांना पहिली तीन आठवेनात. त्यांनी बाईंचे दोन्ही हात धरले आणि ते सोडायचे असतात हे विसरून गेले.

घरी बारकीला सांगणं जास्त कठीण गेलं. ती बॅगेवर बसून चेन ओढत होती.

“कोपरा परत घेतलाय,” बाई म्हणाल्या.

“अय्या! वारा पडला?”

“वारा नव्हताच. मला भीती वाटली होती. तू तिथे एवढ्या लांब... मला नाही सहन झालं.”

बारकी बॅगेवरून उठली, त्याबरोबर बॅग फट्कन उघडली आणि मोजे खोलीभर झाले. तिने आईला मिठी मारली. उंच असल्यामुळे तिची हनुवटी आईच्या डोक्यावर टेकली. “आई गं,” ती म्हणाली, “तू आखलेलं विमान आहे म्हणून तर मी हो म्हटलं. दुसऱ्या कुणाचं असतं तर मीच दंतवैद्य झाले असते.” तेवढ्यात नवरा आत आला, एका मोज्यावरून घसरला आणि विचारू लागला की माझा चष्मा कुणी पाहिला का. तो त्याच्या कपाळावर होता.

विमान गेलं. हंगाम सुरू झाला. पहिले काही दिवस जवळच्या रेघा, सगळं सुरळीत. बाईंच्या पडद्यावर एक हिरवा ठिपका रेघेवरून पुढे सरकायचा. नवा साठाही बर्फात जाऊन बसला, लाल झेंड्यासकट. मग कोपऱ्याचा दिवस आला.

त्या दिवशी बाई खुर्चीवरून हलल्या नाहीत. हिशेबनीस जेवायला चला म्हणाला, त्या नको म्हणाल्या. प्रोफेसर दर थोड्या वेळाने दारात येऊन उभे राहायचे, काही न विचारता जायचे. ठिपका नव्या साठ्यापाशी थांबला, इंधन घेतलं, परत निघाला, कोपऱ्यात शिरला. एक रेघ झाली. वळला. दुसरी रेघ. मग ठिपका दिसेनासा झाला. असं होतं कधी कधी, संदेश मध्येच गळतात, बाईंना ते पाठ होतं. पाठ असून काही उपयोग झाला नाही.  दारात प्रोफेसर येऊन उभे होते ते या खेपेला गेले नाहीत. मग ठिपका परत उगवला, जिथे उगवायला हवा होता बरोबर तिथेच, आडव्या रेघेच्या थोडा पुढे. प्रोफेसरांनी सुटकेचा एवढा मोठा सुस्कारा टाकला की टेबलावरचा कागद उडाला.

शेवटी परतीची रेघ धरून ठिपका तळावर आला आणि कॅप्टनचा संदेश उमटला: “उतरलो. कोपरा झाला. खाली मोठी दरी आहे, प्रोफेसरांना बसवून मग सांगा. तुमची लेक यंत्राला टेकून झोपलीय. उठवू?”

“नको,” बाईंनी कळवलं. “झोपू दे तिला.”

प्रोफेसरांना त्यांनी बसवून सांगितलं. ते रडायला लागले, मग हिशेबनीसाला मिठी मारून बाहेर पळाले, बिचाऱ्याला का ते कळलंच नाही. खोली शांत झाली. बाईंना आता घरी जायचं होतं, नवऱ्याला सांगायचं होतं. उठता उठता त्यांच्या मनात आलं, कॅप्टनच्या घरी कोण सांगत असेल? आजवर हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. नंबर ऑफिसात होता. त्यांनी तिथल्या तिथे फोन उचलला. आपण काहीतरी फार चांगलं करतोय असं वाटत होतं त्यांना.

“हॅलो,” पलीकडे कॅप्टनची बायको.

“नमस्कार. मी ऑफिसातून बोलतेय, आखणीबाई.”

पलीकडे काहीतरी खाली पडून फुटलं.  मग अगदी बारीक आवाज आला, “सांगा.”

आपण काय केलं ते बाईंना तेव्हा कळलं. “अहो नाही, नाही! काही नाही झालं! उतरले ते! सुखरूप उतरले, तेवढंच सांगायला केला!”

 मग पलीकडच्या बाई म्हणाल्या, “तुमच्या ऑफिसातून कधीच फोन येत नाही. दिवस मावळेपर्यंत आला नाही की मी समजते, आज उतरले.”

“चुकलं माझं. घाबरवलं मी तुम्हाला.”

“घाबरवलंत खरं. कपबशी गेली.” त्या हसल्या. “तुमची लेक कशी आहे? हे सांगून गेलेत तिच्याबद्दल.”

“झोपलीय.”

“बरं झालं. उद्याही उडणार आहेत ना? मग उद्याही करा. आता नाही घाबरणार. मी फोनपाशीच असते. हे उडतात त्या दिवशी मी घराबाहेर पाऊल टाकत नाही, लग्न झाल्यापासून.”

 आखणीबाईंनी पडद्यावर तळाशी थांबलेल्या हिरव्या ठिपक्याकडे बघितलं.

“मी पण आज जागची उठले नाही,” त्या म्हणाल्या. “पहिल्यांदाच.”